जुन्या रोलचा दाणेदार काळा-पांढरा फोटो मोबाइलवर कसा साधायचा

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक झाली, किंवा कपिलेश्वर तलावावर गणपतींचं विसर्जन झालं, की दुसऱ्या दिवशी स्टेटसवर काळे-पांढरे दाणेदार फोटो दिसू लागतात. त्यातले काही नजर धरून ठेवतात: ढोल वाजवणाऱ्याचा अर्धा चेहरा अंधारात, कपाळावरच्या घामावर उजेडाची एकच रेघ, मागे गर्दीचे नुसते आकार. बाकीचे बरेचसे खरबरीत आणि मळकट दिसतात. अ‍ॅप तेच, फिल्टर तोच, मिरवणूकही तीच.

असं का होतं हे समजायचं तर जुना रोल काय करत होता आणि मोबाइलचा सेन्सर काय करतो, इथून सुरुवात करावी लागते. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. या कामात क्रमाला फार महत्त्व आहे: उजेड, मग रंगांचं राखाडीत रूपांतर, मग कॉन्ट्रास्ट, मग फोटोचा आकार आणि सर्वांत शेवटी दाणा. दाणा आधी घातल्यामुळेच बहुतेक फोटो फसतात.

## रोलमधला दाणा येतो कुठून?

कृष्णधवल फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो. त्यात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. जास्त स्पीडच्या, म्हणजे कमी उजेडातही चालणाऱ्या, फिल्ममध्ये ते साधारण एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे असतात. उजेड लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये काळी धातुरूप चांदी होते. उजेड न लागलेले स्फटिक हायपो नावाच्या रसायनात विरघळून निघून जातात. उरते ती निगेटिव्ह.

एकेक स्फटिक डोळ्यांना दिसत नाही. आपण ज्याला दाणा किंवा ग्रेन म्हणतो, ते थराच्या खोलीत एकमेकांवर आलेल्या अनेक कणांचे पुंजके असतात. ३५ मिलिमीटर रोलची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिचा ८ बाय १२ इंची प्रिंट काढला की प्रतिमा जवळपास साडेआठ पट मोठी होते आणि हे पुंजके उघडे पडतात.

इथे दारातली रांगोळी आठवावी. रांगोळी दाण्यांचीच बनलेली असते. दाणे काढून घेतले तर खाली मोर उरत नाही. फिल्मचा फोटोही तसाच चांदीच्या कणांचा बनलेला असतो. डिजिटल फोटोत आधी पूर्ण चित्र असतं आणि दाणा आपण वरून घालतो, तेव्हा ती पूर्ण झालेल्या रांगोळीवर बसलेली धूळ होण्याचा धोका असतो. पुढची सगळी खटपट हा धोका टाळण्यासाठी आहे.

प्रिंटमध्ये दाणा सगळीकडे सारखा दिसत नाही, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. निगेटिव्हमधले बारीक चढउतार फोटोच्या कागदावर उतरतात. पण अगदी गडद काळ्यात आणि जवळजवळ कोऱ्या पांढऱ्यात कागद त्यांना फारशी दाद देत नाही. म्हणून दाणा सर्वांत ठळक दिसतो तो मधल्या राखाडीत: गालावर, भिंतीवर, ढगाळ आभाळात. काळं काळंच राहतं. डिजिटल नक्कल पहिल्यांदा उघडी पडते ती याच जागी.

## मग कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवून चालणार नाही का?

आयएसओ म्हणजे उजेडाला प्रतिसाद देण्याची ठरवलेली पातळी. ती वाढवली की फोटोत ठिपके येतात आणि आपण म्हणतो, फोटो फुटला. या ठिपक्यांना नॉइज म्हणतात. नॉइज आणि दाणा लांबून सारखे वाटले तरी त्यांची घडण वेगळी आहे.

उजेड कणांनी येतो आणि त्याची मोजणी थोडी वरखाली होतेच. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडत असतील तर मोजणीत साधारण १० चा, म्हणजे १० टक्क्यांचा फरक पडतो. १०,००० कण पडत असतील तर १०० चा, म्हणजे फक्त १ टक्क्याचा. त्यामुळे नॉइज सावलीत जास्त खुपतो आणि उजेडात दिसत नाही. फिल्मच्या दाण्याचं नेमकं असं नसतं. शिवाय नॉइज रंगीत असतो, लाल-हिरवे-निळे ठिपके मिसळलेले, आणि पिक्सेलच्या चौकटीत अडकलेला. दाण्याच्या पुंजक्यांना अशी चौकट नसते.

मोबाइलमध्ये आणखी एक अडचण येते. आतलं सॉफ्टवेअर आपल्याला फोटो दाखवण्याआधीच नॉइज पुसून टाकतं आणि कडा धारदार करतं. जास्त आयएसओच्या मोबाइल फोटोत त्यामुळे ठिपक्यांऐवजी ओल्या रंगासारखे फासलेले डाग मिळतात. त्यावर दाणा घातला तर डाग जात नाहीत. खाली डाग आणि वर दाणा असा दुहेरी मळ दिसतो.

## करकरीत काळं-पांढरं कशामुळे यायचं?

हा बाज आधी कुणी शैली म्हणून ठरवलेला नव्हता. तो गरजेतून आला. कोडॅकची ट्राय-एक्स ही जास्त स्पीडची फिल्म ३५ मिलिमीटर रोलमध्ये १९५४ साली मिळू लागली. कमी उजेडात, फ्लॅश न वापरता काम करणाऱ्या वृत्तछायाचित्रकारांना असा रोल हवाच होता. आपल्याकडे १९६० साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ छापाचा कृष्णधवल माल बाजारात होता.

४०० आयएसओचा रोलही पुरेना, तेव्हा तो १६०० चा आहे असं समजून फोटो काढायचे आणि रोल जास्त वेळ धुवायचा. याला पुश करणं म्हणतात. इलफर्डची एचपी५ प्लस फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना ४०० आयएसओसाठी साडेसात मिनिटं धुतात, तर १६०० साठी १४ मिनिटं. या जादा वेळात उजळ आणि मधल्या भागांत चांदी वाढत जाते. सावलीत मात्र उजेडच पोचलेला नसतो, तिथे कितीही वेळ दिला तरी काही उगवत नाही. परिणाम: सावल्या कोऱ्या काळ्या, मधले भाग तीव्र उताराचे आणि दाणा मोठा. वर हार्ड ग्रेडच्या, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्ट देणाऱ्या, कागदावर प्रिंट काढला की करकरीतपणा आणखी वाढायचा. उन्हाळ्यात नळाचं पाणी २० अंशांच्या बरंच वर असायचं आणि डेव्हलपर जोरात चालायचा, त्याचीही भर पडायची.

यातून एक नियम निघतो. पुश केलेल्या रोलच्या बाजात काळं खरंच काळं असतं. अनेक अ‍ॅपमधले ‘फिल्म’ फिल्टर काळं उचलून राखाडी करतात आणि वर मोठा दाणा टाकतात. फिकट राखाडी काळं हे उन्हाने विटलेल्या जुन्या प्रिंटचं लक्षण आहे. ज्यांना तो बाज हवा त्यांनी तो जरूर घ्यावा, पण दोन्ही एकत्र केले की डोळ्याला खोटं जाणवतं, जरी नेमकं काय खोटं हे सांगता आलं नाही तरी.

## फोटो काढतानाच काय सांभाळायचं?

कॉन्ट्रास्ट मुळात उजेडात हवा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत एकाच दारातून येणारं ऊन, गुऱ्हाळात रात्री काहिलीतल्या वाफेमागे असलेला एक बल्ब, वडगावच्या यंत्रमागाच्या खोलीतली एकच खिडकी. अशा ठिकाणी हा बाज जवळजवळ आपोआप जमतो. जून ते सप्टेंबरच्या ढगाळ, सपाट उजेडात खेचून आणलेला कॉन्ट्रास्ट चेहऱ्यावर डाग पाडतो.

मोबाइलवर एचडीआर बंद करा. एचडीआरमध्ये फोन एकाच वेळी अनेक फोटो घेऊन सावल्या उजळतो आणि उजेड दाबतो, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट. नाइट मोड आणि दृश्य ओळखून रंग सुधारणारी सोयही बंद ठेवा. प्रो मोडमध्ये रॉ फाइल मिळत असेल तर तीच घ्या, कारण तिच्यावर नॉइज पुसण्याचा आणि कडा धारदार करण्याचा हात फिरलेला नसतो.

एक्स्पोजर साध्यापेक्षा थोडं कमी ठेवा: उणे ०.३ ते उणे १. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड हळूहळू सामावून घेते. सेन्सरवर एका मर्यादेनंतर पांढरं सरळ उडतं आणि उडालेल्या पांढऱ्यावर दाणाही बसत नाही. सावलीची काळजी करू नका, ती आपण पुढे काळीच करणार आहोत. मिरवणुकीच्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बहुतेक वेळा पट्टे जातात.

## रंग राखाडीत कसे बदलायचे?

सर्वांत जास्त फोटो इथे बिघडतात, म्हणून थोडं सविस्तर.

रंगीत फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. साध्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’ बटणाने सहसा लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन एक राखाडी आकडा बनतो. आता राजहंसगडावर निळ्या आभाळात फडकणारा भगवा झेंडा घ्या. भगव्याचे आकडे समजा २५५, १०३, ३१ आणि आभाळाचे १३५, १८०, २३५. साध्या बटणाने झेंडा १४० येतो आणि आभाळ १७३. दोन्ही मधल्या राखाडीत, झेंडा मरून जातो. फक्त लाल घेतला तर झेंडा २५५ आणि आभाळ १३५: गडद आभाळावर पांढराशुभ्र झेंडा. फक्त निळा घेतला तर झेंडा ३१ आणि आभाळ २३५: उजळ आभाळावर काळा झेंडा. फोटो एकच, अर्थ वेगवेगळा. रोलच्या काळात हेच काम लेन्सवर लावलेली लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी काच करत असे.

‘करकरीत फोटोसाठी लाल फिल्टर’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्या भागात तो बऱ्याचदा चुकतो. लाल मातीच्या आखाड्यात मातीचे आकडे समजा १५०, ८०, ५० आणि पैलवानाच्या अंगाचे १६०, १०५, ८०. लालमध्ये १५० विरुद्ध १६०, म्हणजे अंग मातीत मिसळून गेलं. हिरव्यात ८० विरुद्ध १०५, इथे पैलवान मातीपासून सुटतो, शिवाय स्नायूंच्या सावल्या गडद होतात. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या भिंतीसमोर बसलेल्या माणसालाही हेच लागू आहे.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतला जाणारा लोखंडाचा रस लालच्या आकड्यांत पूर्ण उडालेला असतो, कधी हिरव्यातही. तिथे निळा किंवा हिरवा घ्या. रसाच्या धारेचा आकार तिथे शिल्लक असतो. डॉल्बीसमोरच्या गडद निळ्या दिव्यात उलट स्थिती असते: चेहऱ्याची जवळजवळ सगळी माहिती निळ्यातच असते आणि ती नॉइजने भरलेली असते. अशा फोटोत नॉइज आधी हलक्या हाताने कमी करून मगच पुढे जावं.

मोबाइलवर स्नॅपसीडच्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’ साधनात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे पर्याय मिळतात. संगणकावर जिंप या फोटो संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘कलर्स’ मेनूतल्या ‘कंपोनंट्स’खाली ‘मोनो मिक्सर’ आहे, त्यात तिन्हींचं प्रमाण ठरवता येतं. लाल ७० टक्के, हिरवा ३० टक्के आणि निळा ० हे नारिंगी काचेच्या जवळचं मिश्रण उघड्या आभाळासाठी बरं. आखाड्यासाठी लाल १०, हिरवा ८०, निळा १०. तिन्हींची बेरीज १०० च्या आसपास ठेवा, नाहीतर एकूण उजळपणा बदलतो.

## वक्र किती वाकवायचा?

कर्व्ह किंवा वक्र म्हणजे आलेला उजळपणा आणि हवा असलेला उजळपणा यांचा आलेख. फिल्मचा असा आलेख मांडण्याची पद्धत हर्टर आणि ड्रिफिल्ड या संशोधकांनी १८९० साली प्रसिद्ध केली. तो खाली सपाट, मध्ये चढता आणि वर पुन्हा सपाट असतो. आपल्याला तोच आकार हवा, फक्त मधला चढ जास्त उभा.

सुरुवातीसाठी हे बिंदू घ्या: ० ला ०, ३० ला ८, ६४ ला ३८, १२८ ला १३२, १९२ ला २१८, २३० ला २४३, २५५ ला २५०. मधल्या भागाचा उतार साधारण १.४ पट होतो. ३० च्या खालचं सगळं जवळजवळ काळ्यात जातं, वरचं टोक मात्र हळू वळतं. मापपट्टी ० ते १०० अशी असेल तर प्रत्येक आकड्याला २.५५ ने भागा. नुसता ‘कॉन्ट्रास्ट’चा स्लायडर पूर्ण ओढू नका, त्याने दोन्ही टोकं सारखीच तुटू शकतात.

कणकुंबी किंवा चोर्ला घाटातल्या धुक्याच्या फोटोत इथे वेगळीच अडचण येते. साध्या जेपेग फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात आणि धुक्याने त्यातल्या जेमतेम ६० वापरलेल्या असतात. त्या ताणल्या की आभाळात पट्टे दिसतात. रॉ फाइल आणि १६ बिटमधलं काम हा खरा उपाय. दाणासुद्धा इथे मदतीला येतो, कारण तो पायऱ्यांच्या कडा विस्कटतो आणि डोळ्याला उतार सलग वाटतो.

## आकार आधी, दाणा नंतर, असं का?

फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे आणि तुम्ही त्यावर एका पिक्सेलचा दाणा घातला. इन्स्टाग्रामवर तो १०८० पिक्सेल रुंद होतो. म्हणजे साडेपाच पिक्सेल रुंद आणि तितक्याच उंच चौकोनाचा, जवळपास ३१ पिक्सेलचा, एक पिक्सेल झाला. ३१ वेगवेगळ्या दाण्यांची सरासरी काढली की दाण्याचा जोर साडेपाच पटींनी कमी होतो. घातलेला दाणा गायब. मग माणूस दाणा दुप्पट, तिप्पट करत जातो आणि मूळ फोटो खराब होतो. म्हणून फोटो जिथे दिसणार आहे त्या आकाराला आधी आणा आणि मग दाणा घाला.

जिंपमध्ये असं करता येतं. आकार ठरल्यावर नवा लेयर घ्या, तो ८०८०८० हा कलर कोड असलेल्या मधल्या राखाडीने भरा आणि त्याचा मोड ‘ओव्हरले’ ठेवा. या मोडमध्ये मधल्या राखाडीचा खालच्या फोटोवर काहीच परिणाम होत नाही. आता ‘फिल्टर्स’मधल्या ‘नॉइज’मध्ये ‘आरजीबी नॉइज’ उघडा. ‘इंडिपेंडंट आरजीबी’ची खूण काढा, नाहीतर दाणा रंगीत येईल. ‘लिनियर आरजीबी’ आणि ‘कोरिलेटेड नॉइज’च्या खुणाही काढा, ‘गॉसियन’ची ठेवा. प्रमाण ०.३ ते ०.४.

मग त्याच लेयरला ०.५ ते ०.८ पिक्सेलचा ‘गॉसियन ब्लर’ द्या. एकेकटे ठिपके यामुळे शेजाऱ्यांशी जुळतात आणि पुंजके तयार होतात. ही पायरी गाळली तर वर सांगितलेली पिक्सेलची चौकट दिसत राहते. ब्लरमुळे जोर उतरतो: १ पिक्सेलचा ब्लर दिला तर जवळपास चौथ्या हिश्शावर येतो. म्हणूनच सुरुवातीचं प्रमाण मोठं घेतलं आहे. शेवटचा जोर लेयरच्या ‘ओपॅसिटी’ने ठरवा.

ओव्हरलेचा मोठा फायदा असा की पूर्ण काळ्यावर आणि पूर्ण पांढऱ्यावर त्याचा परिणाम होत नाही, दाणा मधल्या राखाडीतच सर्वांत ठळक बसतो. प्रिंटमध्ये हेच होत होतं.

किती दाणा पुरे, हे डोळ्याने ठरवताना रोज वेगळं उत्तर येतं. त्यापेक्षा मोजा. तयार फोटोचे लेयर एकत्र करून भिंतीचा किंवा आभाळाचा सपाट राखाडी तुकडा निवडा आणि हिस्टोग्राममध्ये (कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात) ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ पाहा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत. ६ ते ८ हा साध्या ४०० च्या रोलसारखा सौम्य दाणा, १२ ते १५ हा पुश केलेल्या रोलसारखा. २० च्या वर चेहऱ्याचे भाव हरवू लागतात.

लाइटरूम वापरत असाल तर ‘ग्रेन’खाली तीन स्लायडर आहेत: प्रमाण, आकार आणि खडबडीतपणा. आकार २५ आणि खडबडीतपणा ५० हे तिथले मूळ आकडे. करकरीत बाजासाठी प्रमाण ४५ ते ६०, आकार ३० ते ४०, खडबडीतपणा ५५ च्या आसपास ठेवून सुरुवात करा. स्नॅपसीडमध्ये थोडी वळणाची वाट आहे: दाण्याशिवाय सगळं काम संपवा, सेटिंगमध्ये निर्यातीचा आकार २००० पिक्सेलच्या आसपास मर्यादित करा, फोटो निर्यात करा, तो पुन्हा उघडा आणि मगच दाणा घाला.

दाणा घातल्यावर शार्पनिंग करू नका. त्याने प्रत्येक कणाभोवती पांढरी कड येते. आणि एकदा बनवलेला दाण्याचा लेयर दहा फोटोंवर चिकटवू नका; फोटो एकामागून एक सरकवले की दाणा जागचा हलत नाही, हे लगेच दिसतं. व्हिडिओत तर प्रत्येक फ्रेमचा दाणा वेगळा हवा, नाहीतर मळक्या काचेतून पाहिल्यासारखं वाटतं.

## एका टॅपचा फिल्टर असताना हे सगळं कशाला?

फिल्टरला तुमच्या फोटोतला उजेड माहीत नसतो, माती लाल आहे की काळी हेही नाही. चिक्कोडी-अथणीकडच्या काळ्या रानातला आणि जांबोटीच्या तांबड्या रस्त्यावरचा फोटो त्याच्या दृष्टीने सारखाच. फिल्टर लावून पाहायला हरकत नाही. त्यातून दिशा कळते. पण रंगांचं मिश्रण आणि वक्र प्रत्येक फोटोला नव्याने ठरवावे लागतात. ठरवता आले की फिल्टरची गरज फारशी उरत नाही.

## व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की दाणा का जातो?

जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक, जलद बदल आधी फेकून देतं, कारण डोळ्याला ते सहसा जाणवत नाहीत. दाणा म्हणजे नेमके हेच बदल. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि घट्ट दाबतं, त्यामुळे दाण्याच्या जागी चौकोनी चिखल उरतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. स्टेटसवर टाकायचा असेल तर दाणा थोडा मोठा, ०.८ ते १ पिक्सेलच्या ब्लरचा, आणि जोर कमी ठेवा. मोठे पुंजके दाबणीतून जास्त टिकतात. व्हिडिओवाल्यांनाही ही अडचण चुकलेली नाही. २०१८ च्या एव्ही१ या व्हिडिओ पद्धतीत तर दाणा पाठवण्याआधी काढून, पाहणाऱ्याच्या पडद्यावर तसाच नव्याने बनवण्याची सोय आहे.

कागदावरचं गणित वेगळं. हातभर अंतरावरून डोळ्याला साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचा तपशील दिसतो. लॅबमध्ये इंचाला ३०० ठिपक्यांनी छापताना एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा होतो, म्हणून ८ बाय १२ च्या प्रिंटसाठी दीड ते दोन पिक्सेलचा दाणा हवा. वर्तमानपत्राचा कागद शाई पसरवतो आणि तिथले छपाईचे ठिपके साधारण पाव मिलिमीटर अंतरावर असतात. त्याहून बारीक दाण्याचा लगदा होतो. वर्तमानपत्राला फोटो द्यायचा तर दाणा जवळजवळ नको आणि सावल्याही थोड्या उघड्या ठेवा. चौकातल्या फ्लेक्ससाठी दाण्याचा विचारच सोडा. दहा फुटांवरून पाऊण मिलिमीटरपेक्षा लहान काही वेगळं दिसत नाही. तिथे फक्त वक्राचा उपयोग.

## आजचा फोटो जुना भासवणं ही फसवणूक नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि आपल्या सीमाभागात तो अधिक गंभीर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. दर वर्षी १ नोव्हेंबरला इथले मराठी भाषक काळा दिन पाळतात. सीमा आंदोलनाचे जुने कृष्णधवल फोटो घराघरांत जपलेले आहेत, ते पुरावा म्हणून दाखवले जातात. आज काढलेल्या फेरीच्या फोटोला हाच बाज दिला, कपड्यांवरून काळ ओळखता आला नाही आणि तो तारखेविना फिरू लागला, तर दोन-चार वर्षांत तो कुणीतरी जुन्या आंदोलनाचा म्हणून छापेल. मग खऱ्या जुन्या फोटोंवरही संशय घेतला जाईल. हे नुकसान भरून येणारं नाही.

लग्न, आखाडा, पाऊस, गल्लीतली माणसं यांच्या फोटोत हा बाज मनापासून वापरावा. बातमीच्या फोटोत मात्र काळ्यात काय झाकलं जातंय ते पाहावं. गर्दीतला एखादा माणूस, हातातली काठी, पोलिसाचा गणवेश वक्रामुळे दिसेनासा होत असेल तर तो वक्र त्या फोटोसाठी चुकीचा आहे, कितीही देखणा असला तरी. आंदोलनाचा फोटो असेल तर तारीख आणि गाव फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर लिहा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की फाइलच्या आतली माहिती टिकत नाही. मूळ रंगीत फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि दाणेदार प्रतीला मूळ फाइलचंच नाव देऊन पुढे ‘कृष्णधवल’ जोडा, म्हणजे कुणी विचारलं तर मूळ फोटो लगेच दाखवता येईल.